कातडीवरचा जय भीम आणि पस्ताव्याचा सवाल



एप्रिल जवळ आला की आमच्या वस्तीत तीन ठिकाणी गर्दी होते. निळे झेंडे शिवणाऱ्याकडे, डीजेवाल्याकडे आणि टॅटूवाल्याकडे. यंदा टॅटूवाल्याकडच्या रांगेबद्दल लिहायचं आम्ही ठरवलं. त्याला कारण झाला वस्तीतलाच एक तेवीस वर्षांचा पोरगा. त्याचं नाव लिहीत नाही. तो रात्री आमच्याकडे आला, उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. फडकं सोडलं तर कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोललेली, लाल, पाणी सुटलेली. तिथे चार वर्षांपूर्वी त्याने मोठ्या हौसेने 'जय भीम' आणि खाली अशोकचक्र गोंदवून घेतलं होतं. कुणीतरी सांगितलेला लेप लावून त्याने ते जाळायचा प्रयत्न केला होता.

"दादा, मेडिकलला काढलं मला. टॅटूमुळं."

पोरगा तीन वर्षं पहाटे चारला उठून धावत होता. लेखी परीक्षा निघाली, धावणं निघालं, आणि केंद्रीय दलाच्या वैद्यकीय तपासणीत तो हातावरच्या अक्षरांनी बाद झाला. पुन्हा तपासणीची एक संधी होती. त्याआधी अक्षरं घालवायची म्हणून त्याने हात भाजून घेतला. जखम घेऊन तो पुन्हा उभा राहिला आणि पुन्हा बाद झाला.

आम्ही त्याच रात्री संतापून एक पोस्ट लिहिली. 'जय भीम लिहिलं म्हणून नोकरी नाकारली' असा मथळाही दिला. शेअर करण्याआधी भरतीचे नियम वाचावेत एवढी अक्कल नशिबाने शाबूत होती. ते वाचले आणि ती पोस्ट आम्ही पुसून टाकली. का पुसली ते पुढे सांगूच. त्याआधी ज्यांच्याशी आमचं भांडण आहे त्यांच्याशी बोलून घेऊ.

भांडण दोघांशी आहे. पहिले म्हणतात, "टॅटू ही ज्याची त्याची वैयक्तिक बाब. त्यात जात कशाला आणता?" दुसरे म्हणतात, "आज भावनेच्या भरात गोंदवता, उद्या पस्तावाल." पहिल्यांना इतिहास माहीत नाही आणि दुसऱ्यांना पस्तावा म्हणजे काय ते माहीत नाही.

अंगावरची खूण वैयक्तिक कधी होती?

'वैयक्तिक' हा शब्द वापरण्यासाठी आधी शरीर स्वतःच्या मालकीचं असावं लागतं. या देशात आमचं शरीर आमच्या मालकीचं कधीपासून झालं?

ज्या मनुस्मृतीचं २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन झालं, तिचा आठवा अध्याय काढून बघा. खालच्या जातीचा माणूस वरच्याच्या बरोबरीने एकाच आसनावर बसू पाहील, तर त्याच्या कमरेवर डाग देऊन त्याला हद्दपार करावं असं तिथे सांगितलं आहे. शेजारी बसण्याची शिक्षा म्हणजे आयुष्यभर न जाणारी खूण. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं होतं हे आपल्याला पाठ आहे. त्याच्या शेजारची ओळ आपण विसरतो. चुकून विटाळ होऊ नये म्हणून अस्पृश्याने मनगटाला किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा असाही दंडक होता. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात या दोऱ्याची नोंद केली आहे. बघणाऱ्याला दुरूनच कळावं, एवढाच त्या दोऱ्याचा उपयोग. म्हणजे आमच्या मनगटावर काय असावं हे ठरवणारे दुसरेच होते.

पुढे कंपनी सरकार आलं. बंगाल प्रांतात १७९७ पासून जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गोंदून खूण करायची पद्धत कायद्याने सुरू झाली आणि ती १८४९ पर्यंत चालली. आपल्या आयाबाया हौसेने जी सुई टोचून घेत होत्या, तीच सुई सरकारने कैद्याच्या कपाळावर चालवली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर सुईचीही गरज ठेवली नाही. पारधी, कैकाडी असा जन्म हाच डाग ठरला. तो कायदा १९५२ साली गेला, पण पोलिसांच्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

हे सगळं जुनं झालं म्हणणाऱ्यांसाठी १९९३ सालची गोष्ट. पंजाबात अमृतसरला पोलिसांनी चार स्त्रियांच्या कपाळावर 'जेबकतरी' ही अक्षरं गोंदली. खिसेकापू बाई! कपाळावर! त्या स्त्रिया ओढणी कपाळावर ओढून कोर्टात गेल्या तेव्हा देशाला ते दिसलं. त्या पोलिसांना दोषी ठरवायला २०१६ साल उजाडलं. तेवीस वर्षं लागली. याच्याही आधी, १९७५ साली 'दीवार' या सिनेमात गावकरी एका पोराच्या हातावर त्याच्या बापाला चोर ठरवणारी अक्षरं गोंदतात हे साऱ्या देशाने पाहिलं, हळहळला आणि घरी गेला. आमच्या लोकांसाठी तो सिनेमा नव्हता.

आम्ही समाजशास्त्रात एम. ए. करत असताना गॉफमन या अभ्यासकाचं १९६३ सालचं 'स्टिग्मा' हे पुस्तक अभ्यासाला होतं. त्याने सुरुवातीलाच सांगितलं आहे की हा शब्द ग्रीकांचा. गुलाम, गुन्हेगार, द्रोही यांच्या अंगावर कापून किंवा डागून केलेली खूण म्हणजे स्टिग्मा. वर्गात सर समजावून सांगत होते आणि मागच्या बाकावर बसलेले आम्ही दोघे-तिघे एकमेकांकडे बघत होतो. आम्हाला हे समजावून सांगायची गरजच नव्हती.

या सगळ्या इतिहासात डाग देणाऱ्याला कुणी कधी विचारलं का, की बाबा रे, तुला पस्तावा होतो का?

आजीचं गोंदण

आमच्या आजीच्या कपाळावर तीन हिरवे ठिपके होते, हनुवटीवर एक आणि डाव्या दंडावर देवाचं नाव. गावात गोंदणारीण आली की सात-आठ वर्षांच्या पोरींना धरून बसवायचे. पोर रडायची, बाया गाणी म्हणायच्या, सुई चालायची. पोरीला विचारायची पद्धत नव्हती. मेल्यावर दागिने उतरवून घेतात, फक्त गोंदण सोबत येतं अशी समजूत. ज्या बाईच्या अंगावर सोन्याचा मणी कधी चढलाच नाही, तिला हा एकच दागिना आपला वाटला तर नवल काय?

१९५६ च्या ऑक्टोबरात आजी सोळा वर्षांची होती. बापाबरोबर नागपूरला गेली, दीक्षाभूमीवर त्या लाखोंच्या गर्दीत उभी राहिली आणि बावीस प्रतिज्ञा ऐकून आली. घरी आल्यावर देव्हाऱ्यातले देव उचलले आणि नदीत सोडले. पण दंडावरचा देव? तो कुठे सोडणार?

लहानपणी आम्ही तिला विचारलं होतं, "आजी, आपण बौद्ध ना? मग हे का ठेवलंस?"

ती म्हणाली, "ठेवलं नाही बाबू, राह्यलं. देव कातड्यावर राह्यला, डोक्यातून गेला. कातडं काय, जयून जाईन."

पस्ताव्यावर याहून नेमकं बोललेलं आम्ही अजून कुठे वाचलं नाही. आजीला त्या गोंदणाची लाज नव्हती, अभिमानही नव्हता. तिच्या मर्जीविरुद्ध झालेल्या गोष्टीचा पस्तावा तिने का करावा? पस्तावा स्वतः निवडलेल्या गोष्टीचा असतो. तिने निवडलं ते १४ ऑक्टोबरला, आणि त्याचा पस्तावा तिला मरेपर्यंत झाला नाही.

तिकडे छत्तीसगडात रामनामी समाज आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, देवळात घेत नाहीत म्हणून या अस्पृश्य ठरवलेल्या माणसांनी कपाळापासून पायापर्यंत अंगभर रामाचं नाव गोंदवून घेतलं. देऊळ बंद, तर शरीरच देऊळ. त्या बंडाला आम्ही नाकारत नाही, सुईचे हजार घाव सोसणं सोपं नसतं. पण ज्या देवाच्या दारातून हाकललं त्याचंच नाव अंगावर घेणं हा आमचा मार्ग नाही. आज त्यांची नवी पिढीही अंगभर गोंदवून घेत नाही, कारण कामासाठी शहरात जावं लागतं आणि शहर चेहऱ्याकडे बघतं. हे शहराचं बघणं लक्षात ठेवा, त्याकडे परत यायचं आहे.

आमची पोरं का गोंदवतात?

सामाजिक कामाच्या निमित्ताने वस्त्यांमध्ये फिरताना आम्ही हा प्रश्न खूप जणांना विचारला आहे. उत्तरं ऐका.

कंपनीत कामाला जाणारा एक म्हणाला, "आडनावावरून लोकांना कळत नव्हतं. ते माझ्यासमोर आपल्याबद्दल काहीही बोलायचे. आता बोलत नाहीत." एका मुलीने मानेमागे बोधिवृक्षाचं पान गोंदवलं. तिची आई कचरा वेचताना ट्रकखाली गेली, त्या आईच्या गळ्यातल्या लॉकेटवर तसंच पान होतं. एकाने बाबासाहेबांची सही गोंदवली. कारण विचारलं तर म्हणाला, "आमच्या घरात सही करणारा पहिला माणूस मी. आजोबांचा अंगठा, बापाचा अंगठा."

यातलं कुठलं कारण वैयक्तिक आणि कुठलं सामाजिक, हे वेगळं करून दाखवा. आम्हाला जमलेलं नाही.

आणि हे लक्षात घ्या की ही पोरं कोणत्या महाराष्ट्रात गोंदवत आहेत. २०१५ साली शिर्डीत मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून एका तरुणाचा खून झाला. २०२३ साली नांदेड जिल्ह्यातल्या बोंढार हवेलीत गावात भीमजयंती काढली याचा राग धरून एका तरुणाला मारलं. रिंगटोन बंद करता येते, मिरवणूक रात्री संपते. मनगटावरचा जय भीम एस. टी.त दांडा धरला की दिसतो, चहाचा कप घेतला की दिसतो. हे ठाऊक असूनही पोरगा हात पुढे करतो. कामठीच्या बाबू हरदासांनी जी अभिवादनाची दोन अक्षरं समाजात रुजवली, ती दोन अक्षरं आज कातडीवर घेणं म्हणजे काळ्या दोऱ्याला दिलेलं उत्तर आहे. खूण तीच, मनगटही तेच. फक्त या वेळी खूण काय असावी ते आम्ही ठरवलं.

आता आमची कबुली. एकोणीस वर्षांचे असताना धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत, रस्त्याकडेला बसलेल्या एका गोंदणाऱ्याकडून आम्हीही डाव्या मनगटावर गोंदवून घेतलं. त्याने घाईघाईत 'जय भिम' लिहिलं. वेलांटी पहिली! रक्त पुसलं तेव्हा लक्षात आलं. पुढे नोकरीच्या एका ठिकाणी एक वरिष्ठ बाई सगळ्यांसमोर हसून म्हणाल्या, "अहो, निदान शुद्धलेखन तरी तपासायचं." सगळे हसले. त्या दिवसापासून आम्ही दोन वर्षं घड्याळ डाव्या हातात घालून ती वेलांटी झाकली.

आम्हाला वाटायचं, हा पस्तावा आहे. नव्हता. ती लाज होती, आणि ती आम्हाला दुसऱ्याने दिलेली होती. ज्यांच्या पिढ्यान्पिढ्या अक्षरांवर बसून राहिल्या, त्यांनी आमच्या वेलांटीला हसावं आणि आम्ही मान खाली घालावी, हा मनूचाच धडा होता. घड्याळ काढलं त्या दिवशी हे कळलं. वेलांटी अजून पहिलीच आहे.

पस्तावा, लाज, भीती, नुकसान

म्हणून आम्ही म्हणतो की 'पस्तावा' या एका शब्दाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी ढकलल्या जातात. त्या वेगळ्या करूया.

एक मुलगी पुण्यात खोली शोधताना उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून जाते. घरमालकाला मनगट दिसू नये म्हणून. हा पस्तावा नाही, ही भीती आहे. तिची जबाबदारी घरमालकाच्या जातीयवादावर आहे. आम्ही वेलांटी झाकली, ती लाज. तिची जबाबदारी हसणाऱ्यांवर आहे. भरतीत बाद झालेल्या पोराचं झालं ते नुकसान. त्याची जबाबदारी कुणाची, ते पुढे बघू. आणि खरा पस्तावा म्हणजे, 'मी हे निवडलं, पण आज मला ते पटत नाही.' असा पस्ताव्याचा माणूसही आम्हाला भेटला आहे. तो बाबासाहेबांमुळे पस्तावला नव्हता. त्याने आपल्या नेत्याचा चेहरा छातीवर गोंदवला होता, आणि निवडणुकीआधी नेता ज्यांच्याविरुद्ध घोषणा द्यायला शिकवत होता त्यांच्याच मांडीवर जाऊन बसला. नेत्याने पक्ष एका रात्रीत बदलला, कार्यकर्त्याला कातडी बदलता येईना. आता तो नदीवरही बनियन काढत नाही.

यात हसण्यासारखं काही नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं होतं की धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असेलही, पण राजकारणात व्यक्तिपूजा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. हे सांगणाऱ्या माणसाच्या अनुयायांनी जिवंत पुढाऱ्याचा चेहरा छातीवर कोरून घ्यावा?

आपल्याही अंगणात झाडू मारू

इथे आमचेच काही जण खूश होतील. "बघा, आम्ही म्हणतच होतो, टॅटू म्हणजे भक्तीच. वाचा, शिका, गोंदवू नका." या ज्येष्ठांचा आम्हाला आदर आहे. पण त्यांनी सांगावं, दरवाजावरची निळी पाटी, गाडीच्या काचेवरचं स्टिकर, कोटाला लावलेला बिल्ला ही भक्ती नाही आणि कातडीवरची अक्षरं तेवढी भक्ती, ही रेघ कुणी आखली? ज्याच्याकडे गाडी नाही, कोट नाही, स्वतःचा दरवाजाही नाही, त्याच्याकडे कातडीच असते.

तरी त्यांचा एक मुद्दा खरा आहे आणि तो मान्य केल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. उजव्या मनगटावर जय भीम आणि त्याच मनगटावर लाल दोरा बांधलेले हात आम्ही पाहिले आहेत. बाबासाहेबांचा चेहरा दंडावर घेऊन हुंडा मागायला बसलेले बघितले. बावीस प्रतिज्ञांपैकी दारूची प्रतिज्ञा मिरवणुकीच्या रात्री गटारात पडलेली तर दरवर्षी दिसते. सुई कातडीत एखाद-दोन मिलिमीटर जाते. विचार त्याहून खोल जावा लागतो आणि त्याला मशीन नाही. आजीच्या कातडीवर देव होता आणि डोक्यात बुद्ध. आपल्यातल्या काहींचं उलटं झालं आहे. कातडीवर बुद्ध आणि डोक्यात अजून देव, जात, बाईला दाबून ठेवणं सगळं शाबूत. अशा गोंदणापेक्षा आजीचं गोंदण लाखपट बरं.

एक हिशेब आणखी मांडतो. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपल्या मंडळांची रक्तदान शिबिरं होतात आणि त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण गोंदवल्यावर बारा महिने रक्त देता येत नाही, असा रक्तदात्यांच्या निवडीचा नियम आहे. सुईतून कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्हीची लागण होऊ शकते म्हणून. जयंतीच्या आठवड्यात गोंदवलेला पोरगा शिबिरात रांगेत उभा राहतो, डॉक्टर हात बघून परत पाठवतात आणि मंडळवाले डॉक्टरशी भांडतात. डॉक्टर बरोबर असतो. आणि यात्रेतल्या टोपलीवाल्याकडे एकाच सुईने दहा जणांना गोंदवताना आम्ही डोळ्यांनी बघितलं आहे. दहा जणांचा जय भीम एकाच रक्तात. त्यात क्रांती नाही, आजार आहे.

ती पोस्ट आम्ही का पुसली?

आता त्या पोराकडे येऊ. आम्ही केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या वैद्यकीय तपासणीचे नियम काढून वाचले. त्यात टॅटूबद्दल तीन गोष्टी आहेत. मजकूर, जागा आणि आकार. धार्मिक चिन्ह किंवा नाव असलं तरी चालतं, तेव्हा आपली अक्षरं हा अडथळाच नव्हता. जागेचा नियम असा की कोपराखालच्या हाताची आतली बाजू चालते, पण फक्त डावीकडची, कारण उजव्या हाताने सलाम ठोकायचा असतो. हाताच्या पंज्याची पाठही चालते. आकार शरीराच्या त्या भागाच्या पाव भागापेक्षा कमी हवा.

पोराचा जय भीम उजव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत. हीच अक्षरं डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, दोन बोटांएवढी असती, तर आज तो प्रशिक्षण केंद्रात असता.

म्हणून ती पोस्ट पुसली. खोट्या रागाने चळवळ मोठी होत नाही. जिथे जातीयवाद आहे तिथे त्याचं नाव घेऊन बोलू, जिथे नाही तिथे तो चिकटवला तर शिर्डी आणि बोंढार हवेलीबद्दल बोलताना आमच्यावर कोण विश्वास ठेवील?

पण मग या प्रकरणात जात नाहीच का? आहे, आणि नीट बघितलं तर दिसते. शहरातल्या अकादमीत साठ-सत्तर हजार फी भरणाऱ्या पोराला पहिल्याच दिवशी सांगतात, अंगावर टॅटू आहे का, कुठे आहे, किती आहे. त्याचा मामा फौजदार असतो, काका सुभेदार असतो, जेवताना गप्पांतूनच त्याला नियम कळतात. आमचा पोरगा पाझर तलावाच्या बांधावर एकटा धावतो. त्याच्या घरात कुणी कधी गणवेश घातलेला नाही. त्याला हा नियम सांगणारा पहिला माणूस म्हणजे त्याला बाद करणारा डॉक्टर. माहिती हीसुद्धा वडिलोपार्जित इस्टेट असते मित्रहो, आणि ती सातबाऱ्यावर दिसत नाही. पस्तावा कुणाच्या वाट्याला यावा हे इच्छेवर कमी आणि या इस्टेटीवर जास्त ठरतं.

आणि आम्ही काय केलं? त्याने गोंदवलं तेव्हा आम्ही त्याचा फोटो स्टेटसला ठेवला होता, निळ्या हृदयासकट. भरतीची तयारी करतोय हे ठाऊक होतं. नियम वाचायला आम्हाला चार वर्षं आणि एक भाजलेला हात लागला. त्या नुकसानीतला आमचा वाटा आम्ही कुणावर ढकलणार?

काढून टाकण्याचं बोलाल तर त्याचाही बाजार आहे. शाई कातडीच्या वरच्या थरात नसते. वरचा थर झडत राहतो, शाई खालच्या थरातल्या पेशी धरून ठेवतात. लेझरने ती फोडून बारीक करतात आणि शरीर हळूहळू वाहून नेतं. त्याला बऱ्याच बैठका लागतात, दोन बैठकांमध्ये काही आठवडे जातात. काळी शाई बऱ्यापैकी जाते, हिरवी-पिवळी चिवट. सावळ्या कातडीवर पांढरे किंवा काळे डाग राहण्याचा धोका अधिक. प्रत्येक बैठकीला पैसे. गोंदवायला पाचशे, काढायला हजारो. ज्याच्याकडे ते नाहीत तो लेप लावतो, चटका देतो, ब्लेड मारतो. गरिबाचा पस्तावासुद्धा अंगावर जखम करून जातो.

मग करायचं काय?

गोंदवू नका असं आम्ही म्हणणार नाही. ज्याच्या स्वतःच्या मनगटावर चुकलेली वेलांटी आहे त्याने तो उपदेश करूही नये. पण काही गोष्टी मंडळांनी आणि विहारांनी या जयंतीपासून कराव्यात, अशी आमची मागणी आहे.

अठराच्या आतल्या कुणालाही जयंतीच्या मंडपाजवळ गोंदवू देऊ नका. आजीला सातव्या वर्षी धरून बसवलं होतं, तीच रीत आपण निळ्या रंगात चालवायची नाही. पोलीस, सैन्य, केंद्रीय दल यांची तयारी करणाऱ्या प्रत्येक पोरा-पोरीला ज्या भरतीला बसायचं तिची जाहिरात आणि वैद्यकीय नियम आधी वाचून दाखवा. सैन्याचे नियम वेगळे, केंद्रीय दलांचे वेगळे, आणि ते बदलतातही, म्हणून दरवर्षी नवे वाचा. विहाराच्या फळ्यावर वंदनेच्या वेळेशेजारी हा नियम लिहा. गोंदणाऱ्याला समोर नवी सुई फोडायला लावा. शिबिर असेल तर आधी रक्त द्या, गोंदण नंतर.

आणि कुणी गोंदण काढलं तर त्याला गद्दार म्हणू नका. भाकरीसाठी हातावरची अक्षरं पुसणारा पोरगा आणि डोक्यातली अक्षरं पुसून सत्तेच्या पंगतीला बसणारा नेता, यातला गद्दार कोण हे ओळखण्याइतके तरी आपण शिकलेले आहोत.

त्या पोराचा हात आता भरत आला आहे. अक्षरं पूर्ण गेली नाहीत. 'जय' जवळजवळ पुसला, 'भीम' व्रणाखालून अजून वाचता येतो. परवा आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. वयाच्या मर्यादेत त्याची अजून एक भरती बसते. राज्य पोलिसांचा अर्जही भरायचा आहे, नियम या वेळी दोघांनी मिळून वाचायचे ठरले आहेत.

दवाखान्याच्या बाकावर बसून आम्ही त्याला तो बाजारू प्रश्न विचारलाच. पस्तावा होतो का रे?

तो बराच वेळ हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लिहिल्याचा नाही दादा. जाळल्याचा होतो. आणि कुणी सांगितलं नाही, याचा राग येतो."

त्या रागाचं उत्तर देणं आपल्या सगळ्यांकडे लागू आहे. ज्यांना आमच्या कातडीवरच्या अक्षरांची फार काळजी वाटते, त्यांनी मनूच्या डागापासून अमृतसरच्या कपाळांपर्यंतचा पस्तावा आधी करावा, मग आमच्या पोरांना विचारायला यावं. आणि आम्ही? पुढच्या पोराने हात पुढे करण्याआधी त्याच्या शेजारी बसून नियमाचा कागद वाचावा. 'शिका' याचा यंदाच्या जयंतीपुरता एवढा अर्थ घेतला तरी पुरे.

जय भीम! नमो बुद्धाय!